गुण्यातला उजेड

गेल्या वर्षी आंतरसदन वक्तृत्व स्पर्धेत मी 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावर बोललो आणि माझा दुसरा क्रमांक आला. भाषण पाच मिनिटांचे होते. त्यात गाडगेबाबांचा झाडू होता, 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम होती, किर्लोस्करांचा लोखंडी नांगर होता. हाताला घट्टे पडलेली माणसेच देश उभा करतात, असे मी शेवटी मूठ आवळून म्हणालो, तेव्हा मागच्या रांगेतल्या सिनिअर्सनीही टाळ्या वाजवल्या.

त्याच रात्री प्रेप संपल्यावर शेजारच्या पलंगावरच्या मित्राने सहज विचारले, "तुझे बाबा काय करतात रे?"

मी म्हणालो, "अकाउंट्समध्ये आहेत. भिलाईला."

हे खोटे होते. माझ्या भाषणात गाडगेबाबांचा झाडू होता, पण माझ्या बाबांचा वेल्डिंग होल्डर नव्हता.

माझे बाबा छत्तीसगडमध्ये भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत, माझ्या मामाच्या वर्कशॉपमध्ये फिटर आणि वेल्डरचे काम करतात. 2020 पर्यंत ते एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब सांभाळत होते. त्या वर्षी ते ऑफिस बंद झाले. सहा महिने बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे ना कुठे भेटायला जात आणि दुपारी परत येत. मग एक दिवस मामा घरी आला आणि म्हणाला, "भाऊजी, माझ्याकडे माणूस कमी आहे. दुसरं मिळेपर्यंत या." मेहुण्याच्या हाताखाली काम करायचे म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळे सांगायला नको. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जुनी पँट घालून निघाले. मी सहावीत इथे आलो तेव्हा अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'अकाउंटंट' असाच लिहिला, कारण हे सगळे तात्पुरते आहे असे घरात सगळ्यांनाच वाटत होते. त्यानंतर दर वर्षी माहितीचा फॉर्म आला की मी तेच लिहीत गेलो. तात्पुरते राहिले नाही, हे मला माहीत असूनही.

हे असे का झाले, याचा विचार करताना मला आजोबांपासून सुरुवात करावी लागते.

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा करण्याचा भारत आणि सोव्हिएत संघाचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातले लोहखनिज इथे येते आणि त्याचे रूळ होऊन देशभर जातात. आता तर 260 मीटर लांबीचे जोडलेले रूळ भिलाईतून निघतात. त्या काळात देशाच्या सगळ्या भागांतून माणसे इथे कामाला आली. विदर्भ तर शेजारीच. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आले, खलाशी म्हणून लागले आणि पुढे रेल मिलमध्ये फिटर झाले. मी लहान असताना नागपूरला जाताना ते स्टेशनवर मला रुळाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे बघ, आपल्याकडचं आहे."

पण याच आजोबांनी बाबांना कधी कारखान्याच्या गेटपाशीही नेले नाही. माझा मुलगा पंख्याखाली बसेल, हे त्यांचे स्वप्न होते. बाबा बी.कॉम. झाले, पंख्याखाली बसले आणि आजोबांनी सेक्टरमध्ये पेढे वाटले. ज्या हातांनी घर चालले, ते हात पुढच्या पिढीला लागू नयेत, अशी सगळ्यांची धडपड. सिव्हिक सेंटरच्या भागात कोचिंग क्लासच्या पाट्या पाहिल्या की हे आजही कळते. आता भिलाईला आयआयटीही आहे. तिथे जाण्यात वाईट काहीच नाही. पण कुठल्याही पाटीवर चांगला फिटर करून देऊ असे लिहिलेले मी पाहिले नाही. मीही त्याच गावचा. भाषणात श्रमाला प्रतिष्ठा दिली आणि पलंगावर बसून काढून घेतली.

या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी गेलो, तेव्हा आईने सांगितले, "घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा बाबांचा डबा घेऊन जात जा." अशा रीतीने मी हथखोजला जाऊ लागलो.

हिंदीत 'हाथ' म्हणजे हात आणि 'खोज' म्हणजे शोध. नावाची खरी व्युत्पत्ती काहीही असो, मला ते आता तसेच ऐकू येते. तिथे रस्त्यावर प्लेटा आणि चॅनेल लादलेले ट्रेलर उभे असतात. शेडमागून शेड. कुठे ओतकाम, कुठे लेथ, कुठे मोठ्या कारखान्यांसाठी लागणारे सांगाडे. धूळ लालसर काळी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले की आपल्या परेड ग्राउंडवरची दुपार थंड वाटावी. पहिल्या दिवशी तारीख 1 मे होती. आपल्याकडे तो महाराष्ट्र दिन. तिथे कामगार दिन. छत्तीसगडमध्ये 2022 पासून त्या दिवशी बोरे-बासी खाण्याची टूम निघाली. बोरे-बासी म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा, मिरची आणि चटणी. राज्यकर्त्यांनी ती त्या दिवशी खाल्ली म्हणून पेपरात फोटो आले, पण मामाकडचे मिस्त्री उन्हाळाभर रोज तेच खातात. त्यांनी मलाही वाटी दिली. उन्हात ते पोटात गेले की खरोखर गार वाटते.

मिस्त्री साठीचे आहेत. ते माझ्याशी हिंदीत आणि मधूनमधून छत्तीसगढीत बोलायचे. त्यांचे बोलणे मी इथे मराठीत लिहितो आहे. मला रिकामा बसलेला पाहून त्यांनी मामाला विचारले, "बाबूला काही देऊ का?" मामाने आधी नियम सांगितला. वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, गॅस कटरच्या जवळ जायचे नाही. अठरा वर्षांच्या आत ती कामे नाहीत. मग मिस्त्रींनी पन्नास मिलिमीटर लांब, पन्नास रुंद आणि बारा जाड असा लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये पकडला, माझ्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "याच्या चार कडा सरळ कर. एकमेकींशी काटकोनात."

मला हसू आले. एवढेच? आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना सुरुवातीला हेच करायला देतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

अर्ध्या तासाने मी तुकडा घेऊन गेलो. मिस्त्रींनी खिशातून गुण्या काढला. मराठीत गुण्या, हिंदीत गुनिया; शब्द एकच. पण कानशीला ते 'रेती' म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा त्यांनी रेती आण म्हटले तेव्हा मी बाहेर वाळूच्या ढिगाकडे गेलो होतो. तर त्यांनी गुण्याचे पाते माझ्या कडेवर ठेवले, तुकडा डोळ्यासमोर धरला आणि शेडच्या दाराकडे तोंड केले. "बघ," म्हणाले. पात्याच्या मध्यभागी काळोख होता आणि दोन्ही टोकांना उजेडाच्या बारीक फटी. माझी कड सरळ नव्हतीच. ती मध्ये फुगलेली होती आणि टोकांना उतरलेली होती.

कारण त्यांनी सांगितले. कानस पुढे ढकलताना नवशिक्याचे हात झोपाळ्यासारखे हलतात. सुरुवातीला कानशीचे टोक खाली जाते, शेवटी मूठ खाली जाते, आणि दोन्हीकडच्या कडा जास्त खाल्ल्या जातात. म्हणून स्ट्रोक सुरू होताना डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटी उजव्याचा जास्त. कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब द्यायचा नाही, नाहीतर दाते मरतात. दातांत कीस अडकू नये म्हणून आधी खडू घासायचा. पाय कसे ठेवायचे, कोपर कुठे, व्हाइस किती उंचीवर, सगळे ठरलेले. मला आमचे ड्रिल उस्ताद आठवले. सावधान-विश्राम शिकायला आम्हाला पहिला महिना लागला होता आणि तेव्हाही मला वाटले होते, एवढेच?

दोन दिवस गेले, तीन गेले. तळहाताला फोड आले, फुटले. एक बाजू सरळ झाली की दुसरी तिच्याशी काटकोनात येईना. ती आणायला गेलो की पहिली बिघडे. मिस्त्री ओरडत नसत. गुण्या लावायचे, उजेड दाखवायचे, परत द्यायचे. मी कारणे सांगू लागलो. कानस बोथट आहे, व्हाइस हलतो आहे, घामाने मूठ सरकते आहे. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा गुण्या लावायचे. वक्तृत्वात दुसरा आलेला मुलगा मी, पण त्या पात्यासमोर माझे वक्तृत्व चालेना. परीक्षकांना भाषण आवडू शकते. गुण्याला काही आवडत नाही.

पाचव्या दिवशी मी ते केले, जे लिहायला मला आजही बरे वाटत नाही. दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी भिंतीजवळच्या बेंच ग्राइंडरचे बटण दाबले आणि माझी उरलेली कड चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या, दहा-पंधरा सेकंदांत फुगवटा गेला. मग वरून कानशीचे दोन-चार हात मारले, म्हणजे खुणा झाकल्या जातील. तासाभराने तुकडा मिस्त्रींपुढे ठेवला.

त्यांनी गुण्या लावलाच नाही. तुकडा कोपऱ्याकडून पाहिला, अंगठा फिरवला आणि विचारले, "ही निळी कुठून आली?"

कोपऱ्यावर नखाएवढा निळसर जांभळा डाग होता. चाकावर लोखंड तापले की त्याचा रंग असा उतरतो. कानशीने कितीही घासले तरी लोखंड एवढे तापत नाही. मला हे माहीत नव्हते, त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होते. मी गप्प राहिलो. त्यांनी तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला, कपाटातून दुसरा आणला, व्हाइसमध्ये पकडला आणि आपल्या कामाला निघून गेले. मामा मात्र चिडला. चष्मा नाही, काही नाही, चाक फुटले असते तर तुझ्या आईला मी काय सांगितले असते, असे तो चांगलाच बोलला आणि त्या दिवसापासून ग्राइंडरचा मेन स्विच कुलपात गेला.

बाबा तिथेच होते. ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसलो तेव्हा मीच म्हणालो, "चुकलं."

"हो," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुला माहीत आहे का, पहिल्या वर्षी मीही असं केलं होतं. एका जोडाला पूर्ण आतपर्यंत वेल्ड न भरता वरून छान बीड ओढली होती. दिसायला एकदम सुरेख. मिस्त्रींनी हातोडीने ठोकली आणि माझ्या हातात दोन तुकडे ठेवले."

बाबा माझ्याशी कामाबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. मी घरी येणार म्हटले की ते हात घासून घासून धुतात, हे आईने मला नंतर सांगितले. मी शाळेत लपवत होतो आणि ते घरात लपवत होते.

त्यानंतर मी रोज त्यांचे काम नीट पाहू लागलो. मला वाटायचे, वेल्डिंग म्हणजे रॉड टेकवला आणि चिकटवले. तसे नसते. जाड प्लेटा जोडायच्या तर आधी दोन्हींच्या कडा तिरक्या कापून व्हीसारखी खाच करतात. तळाशी पहिला थर भरायचा, त्यावरची मळी चिपिंग हॅमरने काढायची, तारेच्या ब्रशने साफ करायचे, मग दुसरा थर, परत साफ. मळीचा एक कण आत राहिला तरी तो जोड आतून कच्चा. महत्त्वाच्या जोडावर लाल रंगाचे द्रावण मारतात, पुसतात आणि वरून पांढरा थर फवारतात. पृष्ठभागावर केसाएवढी भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. त्या दोन-पाच मिनिटांत बाबा त्या पांढऱ्याकडे असे पाहतात, जसे आपण निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डाकडे पाहतो.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. प्लेट कापण्याआधी बाबा खडूने जमिनीवर आकडे मांडतात. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन 7.85 किलो; म्हणजे 10 मिलिमीटरची तेवढीच प्लेट 78.5 किलो. एका मोठ्या प्लेटमधून कोणते तुकडे कसे काढले म्हणजे भंगार कमी निघेल, हे ते असे बसवतात की मामा म्हणतो, भाऊजी आल्यापासून माझे भंगार निम्म्यावर आले. बी.कॉम. वाया गेले नव्हते. ते फक्त टेबलावरून जमिनीवर उतरले होते. दर शनिवारी तासभर बाबा मामाची बिले आणि जीएसटीचे कागदही बघतात. तेव्हा ते पुन्हा खुर्चीत असतात आणि चष्मा लावतात.

एका संध्याकाळी मी सरळ विचारले, "बाबा, ऑफिसचं काम चांगलं की हे?"

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. घराकडे न वळता त्यांनी स्कूटर एका कारखान्याच्या कुंपणाबाहेर थांबवली. आत एका उंच टाकीला बाहेरून लोखंडी जिना होता. "तो आम्ही केला. बत्तीस पायऱ्या. रोज त्यावरून माणसं चढतात-उतरतात." मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी ट्रकांचे हिशेब लिहिले. कुठल्या ट्रकमध्ये काय गेलं, कुणाच्या घरी पोचलं, मी कधी पाहिलं नाही. ते काम हलकं होतं असं नाही; कुणीतरी करायलाच हवं. पण तुला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं." आणि स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "पण पगार तेव्हा एक तारखेला यायचा, हे विसरू नकोस."

ते मी विसरणार नाही, कारण मिस्त्रींनी मला विसरू दिले नाही. मी उत्साहात त्यांना म्हणालो होतो की हे काम ऑफिसपेक्षा कितीतरी चांगले. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांच्या जुन्या डागांची नक्षी होती. वेल्डिंगचा उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखे होते, हे त्यांनी सांगितले. मोठ्या कारखान्यांकडून बिल उशिरा आले की वर्कशॉपमध्ये सगळ्यांचा पगार उशिरा होतो, हेही सांगितले. त्यांचा मुलगा दुर्गला कॉम्प्युटर शिकतो. "तो खुर्चीवर बसला की मी अख्ख्या वर्कशॉपला मिठाई देणार," ते म्हणाले. "बाबू, तू पंधरा दिवसांनी तुझ्या शाळेत जाणार. पंधरा दिवस कानस सगळ्यांनाच गोड लागते."

मला राग आला नाही, लाज वाटली. माझ्या भाषणातही हेच झाले होते. श्रमाची स्तुती करणे सोपे, कारण स्तुती करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ते काम करायचे नसते. आपल्याकडे लेखणी धरणारा वर आणि लोहार-सुतार खाली, ही उतरंड शतकानुशतके होती. ती उलटी करून हात वर आणि डोके खाली ठेवले, तरी उतरंड उतरंडच राहते. मिस्त्रींना प्रतिष्ठेचे भाषण नको होते. त्यांना वेळेवर पगार, डोळ्यांना चांगली काच आणि मुलाला निवड करण्याची मोकळीक हवी होती.

परत आल्यावर मी ग्रंथालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल पुन्हा वाचले. भाषणासाठी वाचले तेव्हा मी फक्त नांगर उचलला होता. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून बेळगावला सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांना भीती होती आणि पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आता मला त्या दोन वर्षांचे जास्त वाटते. न खपलेल्या नांगरांपुढे त्यांनाही कुणाची टाळी मिळत नव्हती. त्यांनी नांगराला दोष दिला नाही आणि शेतकऱ्यालाही नाही. नांगर पुन्हा पुन्हा सुधारला.

आपण फौजी शाळेतले. आपल्या डोळ्यांसमोर अधिकारी म्हटला की खांद्यावरचे तारे येतात. पण सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र कशासाठी मिळाले? ते बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे पाडली होती, पूल उडवले होते. रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते. राणे जखमी असूनही गोळीबारात आपल्या माणसांबरोबर सुरुंग काढत राहिले, वळणरस्ते तयार करत राहिले. एके ठिकाणी तर ते रणगाड्याच्या खालून, त्याच्या गतीने सरपटत अडथळ्यापर्यंत गेले. ते काम नकाशावर बोट ठेवून होणारे नव्हते, आणि डोके बाजूला ठेवूनही होणारे नव्हते. आपल्या लष्करात ईएमई दलात शिपायाच्या हुद्द्यालाच 'क्राफ्ट्समन' म्हणतात. म्हणजे कारागीर. 2022 साली नौदलात आलेल्या आयएनएस विक्रांतसाठी जे पोलाद लागले, त्यात भिलाईचा वाटा आहे. त्या प्लेटा कोची इथे कुणीतरी मुखवटा लावून, घाम गाळून, थरावर थर भरून जोडल्या. समुद्राचे पाणी आत येत नाही, कारण त्या कुणीतरी मळी आत राहू दिली नाही.

मग मी काय होणार? मला अजूनही एनडीएला जायचे आहे. मी वेल्डर होणार असे लिहिले तर ते दुसरे भाषण होईल. पण एवढे मला कळले आहे की खुर्ची की हत्यार, हा प्रश्न मी चुकीचा विचारत होतो. बाबांना समाधान हत्याराने दिले नाही. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे डोळ्यांनी बघता येण्याने दिले. आणि चूक झाली तर ती बोलून झाकता येत नाही, याने दिले. खुर्चीवरच्या माणसाला हे दोन्ही मिळू शकते, पण त्याला ते मुद्दाम शोधावे लागते. उद्या मी अधिकारी झालो आणि माझ्या सहीने एखादा पूल बांधला गेला, तर त्या पुलावर जाऊन उभे राहायचे, आणि त्याचा जोड ज्याने भरला त्याला भेटायचे, एवढे मी ठरवले आहे.

दुसरा तुकडा मला अकरा दिवस पुरला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी गुण्या लावला. तीन कोपऱ्यांत पूर्ण काळोख. चौथ्यात उजेडाची एक बारीक रेघ. ते म्हणाले, "बने हे." छत्तीसगढीत याचा अर्थ ठीक आहे. उत्तम आहे असे ते म्हणाले नाहीत, आणि ते मला फार आवडले.

तो तुकडा आता माझ्या लॉकरमध्ये आहे. इन्स्पेक्शनला हाउस मास्टरांनी विचारले, हे किटमध्ये कुठे बसते? मी सांगितले, पेपरवेट आहे सर. त्यांनी उचलून पाहिला, वजनाने थोडे दचकले आणि परत ठेवला.

या वर्षीचा माहितीचा फॉर्म जूनमध्ये आला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'फिटर व वेल्डर' लिहिले. मग त्या मित्राला शोधले आणि गेल्या वर्षी खोटे बोललो होतो असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यात लपवण्यासारखं काय होतं?" या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून हा लेख लिहिला.

चौथ्या कोपऱ्यात अजून उजेड दिसतो. दिवाळीच्या सुट्टीत कानस घेऊन परत बसायचे आहे.